वाऱ्यावर सोडलेली जहाजं

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



जव्हारच्या हनुमान पॉइंटवर उभं राहिलं की दऱ्या दिसतात, डोंगरांच्या रांगा दिसतात, पावसाळ्यात ढग पायाखालून जाताना दिसतात. समुद्र मात्र दिसत नाही. मोखाड्याला तर समुद्रापेक्षा त्र्यंबकेश्वर जवळ. मग जहाजांच्या गोष्टी, आणि त्याही मालकांनी टाकून दिलेल्या जहाजांच्या आणि त्यांच्या पोटातल्या घातक मालाच्या, या डोंगरातल्या माणसांना मी का ऐकवतो आहे, असं तुम्हाला वाटेल.

कारण सांगतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि डोंगर व किनारा एकाच जिल्ह्याच्या नकाशावर आले. याच जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवणला देशातलं एक फार मोठं बंदर उभं राहतं आहे. आणि तिसरं कारण सगळ्यांत जुनं. दिवाळी झाली, भात-नागली घरात आली की जव्हार-मोखाड्यातले पाडे रिकामे होतात. माणसं ‘जगायला’ खाली उतरतात. वसई, भिवंडी, ठाणे, वीटभट्ट्या, इमारतींची कामं, गोदामं. उद्या बंदर झालं तर त्याच्या गोदामात पिंपं उचलणारे हात कुठले असतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

तसा बंदराचा आणि जव्हारचा संबंध नवाही नाही. सुरतेच्या स्वारीच्या वेळी शिवाजी महाराज जव्हारच्या वाटेनं गेले आणि शिरपामाळावर त्यांची विक्रमशहा राजांशी भेट झाली, असं इथली परंपरा सांगते. तेव्हा बंदरातून डोंगराकडे संपत्ती आली. आज मी बोलणार आहे ते बंदरातून येऊ शकणाऱ्या दुसऱ्या एका गोष्टीबद्दल.

बेवारस जहाज म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. आपल्या डोळ्यांसमोर वादळात सापडलेलं, खलाशांनी सोडून दिलेलं जहाज येतं. तसंही होतं. पण बहुतेक जहाजं बेवारस होतात ती वादळात नव्हे, हिशेबाच्या वहीत. जहाज एका देशातल्या कंपनीच्या नावावर असतं, ती कंपनी म्हणजे पुष्कळदा एक कागद आणि एक टपालपेटी. जहाजावर झेंडा दुसऱ्याच देशाचा. माल तिसऱ्याचा. खलाशी चौथ्या-पाचव्या देशातले. जहाज म्हातारं होतं, भाडं मिळेनासं होतं. इंधनवाल्याचे पैसे थकतात, बंदराचं भाडं थकतं, खलाशांचा पगार थकतो. जहाज मोडीत काढलं तर लोखंडाचे जितके पैसे येतील त्यापेक्षा देणं वाढलं, की मालक फोन उचलणं बंद करतो. जहाज तिथंच, नांगरावर. माणसं जहाजावर. मालक मात्र गायब.

हे वाचताना मोखाड्याच्या एखाद्या बाईला ओळखीचं वाटेल. उचल देऊन नेणारा मुकादम, हंगाम संपताना हिशेबाला न येणारा मालक, हातात एसटीच्या भाड्याचेही पैसे नाहीत आणि पोरं भट्टीवर. फरक एवढाच की भट्टीवरून निदान चालत निघता येतं. जहाजावरच्या खलाशाला तेही नाही. त्याच्यापाशी उतरायची परवानगी नसते, आणि जहाज निर्मनुष्य होऊ नये म्हणून पुष्कळ ठिकाणी अधिकारीच काही जणांना वर राहायला भाग पाडतात. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीप्रमाणे २०२४ या एका वर्षात जगभरात तीनशेहून अधिक जहाजं आणि तीन हजारांहून अधिक खलाशी असे टाकून दिले गेले. त्यांत सर्वांत जास्त खलाशी भारतीय होते.

या बाबतीत एक चांगली गोष्ट झाली आहे, ती सांगितली पाहिजे. सागरी कामगारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय करारात दुरुस्ती होऊन जानेवारी २०१७ पासून जहाजमालकाला अशा प्रसंगासाठी आधीच विम्याची सोय करून ठेवावी लागते. दोन महिने पगार दिला नाही, खायला-प्यायला पाठवलं नाही, घरी परतायचा खर्च केला नाही, तर मालकानं माणसं टाकून दिली असं धरलं जातं. मग चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतायचा खर्च विमा कंपनीकडून मिळू शकतो. विम्याचा दाखला जहाजावर सगळ्यांना दिसेल असा लावलेला असावा लागतो. भट्टीच्या दारावर असा दाखला लावायची सक्ती कधी होईल, असं माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही. असो.

आता जहाजाकडे वळू. माणसं घरी गेली तरी जहाज उरतंच. आपल्याकडे अशा वेळी लेणेकरी उच्च न्यायालयात जातात. मुंबईत हे काम फार जुनं आहे. न्यायालय जहाजाला ‘अटक’ करतं, म्हणजे जहाज हलवता येणार नाही असा हुकूम काढतं आणि तो हुकूम जहाजावर बजावला जातो. २०१७ साली या विषयाचा नवा भारतीय कायदा झाला, त्यानं इंग्रजांच्या काळातल्या जुन्या तरतुदी काढून टाकल्या. या कायद्यानं जहाजावरच्या अग्रहक्काच्या दाव्यांचा क्रम ठरवला आणि त्यात खलाशांचा पगार पहिला ठेवला. हे योग्यच झालं. पण लिलाव व्हायचा म्हणजे जाहिरात, मूल्यांकन, बोली, हरकती. तोवर मीठ आणि पाऊस यांचं काम चालूच असतं. समुद्राचं पाणी तारखांची वाट बघत नाही. आज दहा रुपयांचं असलेलं जहाज दोन पावसाळ्यांनी पाच रुपयांचं होतं, आणि तिसऱ्यात बुडालं तर उलट पैसे देऊन काढावं लागतं.

माझा मुख्य मुद्दा इथं आहे. जहाजाच्या किमतीवर हक्क सांगायला पुष्कळ लोक पुढं येतात. बँक येते, इंधनवाला येतो, बंदर येतं, मालवाला येतो. पण त्याच जहाजाच्या पोटात जे घातक आहे, तळाचं घाण तेल, सडलेली रसायनं, फुटायला आलेल्या टाक्या, त्यावर हक्क सांगायला कुणीच येत नाही. किमती माल लिलावात जातो आणि जो कुणालाच नको तो मागं राहतो. जागा अडवून, गंजत, वर्षानुवर्षं. आणि मग एके दिवशी तो स्वतःच आपल्या अस्तित्वाची आठवण करून देतो.

बैरुतची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ‘ऱ्होसस’ नावाचं एक जुनं जहाज जॉर्जियातून मोझांबिककडे २७५० टन अमोनियम नायट्रेट घेऊन निघालं होतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये ते लेबनॉनच्या बैरुत बंदरात आलं आणि तिथंच अडकलं. बंदराचे पैसे देता येईनात, मालकानं हात वर केले. कॅप्टन आणि तीन सहकारी महिनोन् महिने जहाजावर अडकून राहिले. २०१४ मध्ये माल उतरवून बंदरातल्या गोदामात ठेवला गेला. जहाज २०१८ मध्ये बंदरातच बुडालं. गोदामातल्या मालाबद्दल अधिकाऱ्यांची पत्रं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. ४ ऑगस्ट २०२० रोजी गोदामाला आग लागली आणि अर्धं शहर हादरलं. दोनशेहून अधिक माणसं गेली, हजारो जखमी झाली, सुमारे तीन लाखांची घरं राहण्याजोगी राहिली नाहीत. अमोनियम नायट्रेट म्हणजे काय? शेतकऱ्याला ते खत म्हणून माहीत आहे, खाणवाल्याला सुरुंगासाठी. पोत्यात ते गरीब दिसतं.

बैरुत होताच आपल्याकडे चौकशी सुरू झाली, तेव्हा चेन्नईजवळच्या कंटेनर-गोदामात असंच सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट ३७ कंटेनरांत २०१५ पासून पडून असल्याचं समोर आलं. जप्त केलेला माल, न्यायालयात वाद, म्हणून तो तिथंच. पाच वर्षं न सुटलेला प्रश्न बैरुतनंतर काही दिवसांत सुटला आणि माल हैदराबादकडे रवाना झाला. २०२१ मध्ये नियमांत बदल होऊन बंदरात आलेलं अमोनियम नायट्रेट बंदरक्षेत्रापासून ५०० मीटरच्या पलीकडच्या साठवण-गोदामात हलवण्याची आणि जप्त मालाचा लिलाव करण्याची तरतूद झाली. म्हणजे जे करता येत होतं ते आधीही करता आलं असतं. त्यासाठी बैरुतला मरावं लागलं.

आपल्या मुंबईला तर असल्या धड्याची गरज नव्हती. १४ एप्रिल १९४४ चा स्फोट आमच्या आधीच्या पिढीनं ऐकला होता. ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज व्हिक्टोरिया गोदीत येऊन दोन दिवस झाले होते. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, त्यांच्या वर-खाली कापसाच्या गाठी, वंगणाची पिंपं आणि पेट्यांमध्ये सोनं. हे जहाज बेवारस नव्हतं, हे खरं. पण त्यात काय आहे हे गोदीतल्या इतरांना कळावं म्हणून जो लाल बावटा लावायचा, तो लावलेला नव्हता. दुपारी कापसातून धूर निघाला, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासात दुसरा. सरकारी आकड्यानुसारही सातशेहून अधिक माणसं गेली. त्यांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. आपण काय विझवतो आहोत हे त्या जवानांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

आता आपल्याच किनाऱ्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे जाऊ.

पहिला थांबा आपल्याच जिल्ह्यात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात ‘गाल कन्स्ट्रक्टर’ नावाची बार्ज भरकटली आणि पालघर तालुक्यातल्या वडराईजवळ खडकावर येऊन बसली. तटरक्षक दल आणि नौदलानं हेलिकॉप्टरनं तिच्यावरच्या १३७ जणांची सुटका केली. ती फार मोठी कामगिरी होती, सगळ्या देशानं पाहिली. बार्ज मात्र रुतून बसली आणि तिच्या टाक्यांतल्या डिझेलची काळजी वडराई-केळव्याच्या मच्छीमारांच्या वाट्याला आली. माणसं वाचली की कॅमेरे निघून जातात, हे मी तक्रार म्हणून नाही, रीत म्हणून सांगतो.

तिथून मुंबई. २०११ चा पावसाळा मुंबईकर विसरलेले नाहीत. जूनमध्ये ‘विस्डम’ हे मोडीत निघालेलं जहाज अलंगला ओढून नेत असताना दोर तुटला आणि ते जुहूच्या वाळूवर येऊन बसलं. लोक सहकुटुंब बघायला जात, भेळवाल्यांचा धंदा झाला. त्यानंतर ‘पवित’ हे तेलवाहू जहाज. ओमानजवळ जूनच्या अखेरीस त्यात पाणी शिरलं, १३ खलाशांना ब्रिटिश युद्धनौकेनं वाचवलं आणि जहाज बुडालं असं सगळ्यांनी धरून चाललं. ते बुडालंच नाही. एक महिना अरबी समुद्रात एकटं तरंगत ३१ जुलैला ते थेट जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागलं. २६/११ नंतर उभारलेली तिहेरी सागरी सुरक्षा होती, आणि तरी ७०-८० मीटर लांबीचं रिकामं जहाज कुणाला दिसलं नाही. चार दिवसांनी ‘राक कॅरियर’ हे ६० हजार टन कोळसा घेऊन जाणारं जहाज मुंबईपासून वीस-एक सागरी मैलांवर बुडालं. त्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्ये जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी आणि मालाशी संबंधित कंपनीला ५ कोटी रुपये भरपाई ठोठावली. समुद्राला वाली आहे, एवढं त्यातून निदान कागदावर आलं.

रत्नागिरीच्या मिऱ्याजवळ ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज बंधाऱ्याला येऊन धडकलं आणि पुढची काही वर्षं तिथंच होतं. गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर ‘रिव्हर प्रिन्सेस’ ६ जून २००० रोजी अडकलं. सरकार, मालक, ठेकेदार, न्यायालय, पुन्हा ठेकेदार असं करत ते निघायला बारा वर्षं लागली. किनाऱ्याची वाळू सरकली, व्यवसायांचं नुकसान झालं आणि त्या काळात जन्मलेली मुलं सातवीत गेली. पण गोव्यातलं मला जास्त भीतीदायक वाटतं ते ‘नू-शी नलिनी’. २०१८ मध्ये कोचीजवळ या जहाजावर आग लागून एक खलाशी दगावला होता. जहाज पुढे मुरगाव बंदरात आणलं गेलं. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार वादळाच्या वाऱ्यात ते सुटलं आणि दोनापावलाला राजभवनाच्या खालच्या खडकांवर जाऊन अडकलं. जहाजावर माणूस नाही आणि टाक्यांत दोन हजार टनांहून जास्त नाफ्था. नाफ्था म्हणजे पेट्रोलचा जवळचा भाऊबंद. नशिबानं टाक्या फुटल्या नाहीत आणि नंतर तो उपसून घेता आला.

जहाजं निदान दिसतात. गोदामातला माल दिसतही नाही. १४ जुलै २०१० च्या पहाटे शिवडीच्या हाजी बंदरात क्लोरीनचं एक जुनं सिलिंडर गळायला लागलं. बाहेरून आलेली, कुणी सोडवूनच न नेलेली अशी शंभराहून जास्त सिलिंडरं तिथं दहा वर्षांहून अधिक काळ उघड्यावर पडलेली होती. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड. तो वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटतो, खोलगट जागा शोधतो. पावसाळी, कोंदट हवा होती. शंभराच्या आसपास माणसांना इस्पितळात न्यावं लागलं, त्यांत विझवायला गेलेले जवानही होते. पाण्याच्या टाकीत टाकायची पावडर आपल्याला माहीत असते, त्याच घराण्यातला हा वायू. पहिल्या महायुद्धात तो हत्यार म्हणून वापरला गेला होता.

यात कायदा काय म्हणतो? सीमाशुल्क कायद्याच्या ४८ व्या कलमाप्रमाणे उतरवलेला माल तीस दिवसांत सोडवून नेला नाही तर मालकाला नोटीस देऊन तो विकता येतो. कलम १९६२ चं आहे. पण गंजलेलं क्लोरीनचं सिलिंडर लिलावात घेणार कोण? ते नष्ट करायलाच पैसे लागतात. तो खर्च कुणी करायचा, बंदरानं की सीमाशुल्क खात्यानं की जहाज कंपनीनं, हे ठरेपर्यंत पत्रं चालतात आणि लोखंड गंजतं. न्हावा शेवा बंदरात ‘वंगण तेल’ म्हणून मागवलेले १३३ कंटेनर प्रत्यक्षात टाकाऊ, घातक तेलाचे निघाले. ते तेल आयातदारांच्याच खर्चानं जाळून नष्ट करा, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २००५ मध्ये सांगितलं. ‘आयातदारांच्याच खर्चानं’ हे शब्द मला सोन्याचे वाटतात. पण त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

हा माल हलवायचा कसा, यात खरी कसोटी आहे आणि ती हात-पाय हलवणाऱ्याची असते. उन्हाळ्यात खोल विहिरीचा गाळ काढायला उतरायच्या आधी जुनी माणसं दोरीला कंदील बांधून आत सोडत. कंदील विझला तर माणूसही विझेल, हे त्यांना ठाऊक होतं. जहाजाची बंद टाकी विहिरीहून वाईट. आतलं लोखंड गंजतं म्हणजे हवेतला प्राणवायू खातं. टाकी रिकामी दिसते, वास येत नाही, आणि शिडीवरून उतरणारा माणूस चार पायऱ्यांवर कोसळतो. त्याला काढायला दुसरा धावतो, तोही जातो. अशा अपघातांत मदतीला गेलेलेही पुष्कळदा मरतात. आणि तेलाच्या टाकीत कंदील तर सोडताच येत नाही, तिथं ठिणगी म्हणजे स्फोट. म्हणून आधी वायू मोजायचं यंत्र, मग हवा खेळवणं, पुन्हा मोजणी, बाहेर दोर धरून एक माणूस आणि ‘टाकी वायुमुक्त आहे’ असं लिहून दिलेला कागद. हा कागद बघितल्याशिवाय आत उतरायचं नाही. मुकादम म्हणेल, काही होत नाही रे. मुकादम उतरणार नसतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. आग म्हटली की आपण पाणी मारतो. पण धान्याला लावायच्या गोळ्या, ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या, ओल लागली की विषारी वायू सोडतात. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की वेल्डिंगला वापरतात तो पेट घेणारा वायू निघतो. मे २०२५ मध्ये केरळच्या समुद्रात ‘एमएससी एल्सा ३’ बुडालं, तेव्हा त्यावरच्या ६४० कंटेनरांपैकी १२ कंटेनरांत हेच कार्बाइड होतं. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईच्या तोंडावर ‘एमएससी चित्रा’ दुसऱ्या जहाजाला धडकून कललं, तेव्हा त्यावरचे शेकडो कंटेनर समुद्रात पडले. जहाजावरच्या मालात तीसेक कंटेनर कीटकनाशकांसारख्या घातक मालाचे होते. बंदराची वाट काही दिवस बंद राहिली. बिस्किटांचे पुडे वाहत आले ते लोकांनी उचलले. त्याच लाटांवरून दुसरं काय येत होतं हे कुणी विचारलं नाही.

आणि आता खुद्द जव्हार-मोखाड्याच्या घराघरातली गोष्ट. तुमच्या पडवीत एक निळं प्लास्टिकचं पिंप असेल. फेब्रुवारीनंतर विहिरी तळाला जातात, टँकरची वाट बघावी लागते, तेव्हा पाणी साठवायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. वैतरणेच्या धरणांचं पाणी मुंबईला आणि धरणाच्या तालुक्याला पिंपं, हा वेगळ्या भाषणाचा विषय. पण ते पिंप जर जुन्या बाजारातून स्वस्तात आणलेलं असेल तर त्यात आधी काय होतं? ही पिंपं पुष्कळदा रसायनांची असतात. कारखान्यातून, गोदामातून, बंदरातल्या लिलावातून ती भंगारवाल्याकडे येतात. वरचं लेबल खरवडलेलं असतं. साबणानं धुऊन वास जातो, पण प्लास्टिकमध्ये मुरलेलं सगळं जात नाही. घेताना बघा. चौकोन कोनावर उभा केल्यासारखी खूण असेल, त्यात कवटी, ज्वाला किंवा हातावर पडणारे थेंब असतील, तर ते पिंप फुकट मिळालं तरी पाण्याला नको. लेबल मुद्दाम खरवडलेलं असेल तर तीच खूण समजा.

हीच खूण घाटात उलटलेल्या टँकरच्या मागं असते. टँकर उलटला की कॅन घेऊन धावणारी माणसं मी पाहिली आहेत. तिथं धावायचं ते उलट दिशेनं, वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला आणि चढावर, कारण जड वायू दरीकडे उतरतो.

शेवटी वाढवणविषयी. या बंदराला डहाणूच्या मच्छीमारांचा आणि बागायतदारांचा विरोध जुना आहे. डहाणू पर्यावरण प्राधिकरणानं १९९८ मध्ये नकार दिला होता. त्याच प्राधिकरणानं जुलै २०२३ मध्ये परवानगी दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पायाभरणी झाली. ७६,२२० कोटींचा प्रकल्प, कंटेनरची नऊ टर्मिनलं, शिवाय द्रवरूप मालासाठी वेगळे धक्के. बंदर हवं की नको यावर इथं बोलत नाही. पण येणारच असेल तर काही गोष्टी आत्ताच विचारायला हव्यात, कारण भिंती उभ्या राहिल्यावर भिंतींना विचारून उपयोग नसतो. घातक माल वस्तीपासून किती दूर ठेवणार? एकतिसाव्या दिवशी न सोडवलेल्या मालाचं काय करायचं, हे कोणत्या अधिकाऱ्याच्या नावावर लिहिलेलं असेल? तो नष्ट करायचे पैसे माल उतरायच्या आधी कुणाकडून घेतलेले असतील? पडलेलं जहाज काढण्याच्या खर्चाचा विमा असल्याशिवाय आत घेणार नाही, असा नियम लहान बार्जनाही लागू असेल का? जगभरच्या जहाजांसाठी अशा विम्याचा नैरोबी करार १४ एप्रिल २०१५ रोजी अमलात आला (तारीख बघा, मुंबईच्या स्फोटाचीच), पण त्यातली विम्याची सक्ती ३०० टनांच्या वरच्या जहाजांनाच आहे. आपल्या किनाऱ्यावर येऊन बसणारं सगळंच काही तेवढं मोठं नसतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं नौवहनाचे आणि बंदरांचे नवे कायदे मंजूर केले, १९५८ आणि १९०८ च्या कायद्यांच्या जागी. कायदा नवा आहे तोवरच त्याखालच्या नियमांत काही घालून घेता येतं.

हे प्रश्न डहाणूच्या ग्रामसभेनं विचारावेत, तसेच मोखाड्याच्या ग्रामसभेनंही. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रातले आहेत, पेसा दोन्हीकडे आहे. मोखाड्याच्या ग्रामसभेला बंदराच्या आराखड्यावर बोट ठेवता येणार नाही, पण एक काम पूर्णपणे तिच्या हातात आहे. दिवाळीनंतर जो जो खाली उतरेल त्याचं नाव, नेणाऱ्या ठेकेदाराचं नाव, फोन आणि कामाची जागा एका वहीत लिहून घेणं. काम गोदामाचं किंवा बंदराचं असेल तर एक रकाना जास्त: कोणता माल उचलायचा आहे. ठेकेदाराला हे सांगता येत नसेल तर त्याच्या गाडीत बसायची घाई करू नका.

किनाऱ्यावर बंद पिंप, सिलिंडर किंवा कंटेनर वाहून आलेला दिसला तर उघडू नका, लोळवू नका, घरी तर मुळीच नेऊ नका. ११२ वर पोलिसांना कळवा. समुद्रात माणसं संकटात दिसली तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.